मुंबई–दिल्ली दीड तासात? हिशेब कुठे चुकतो ते पाहा

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज असा: “मुंबई-दिल्ली अंतर १४०० किमी, विमानाचा वेग ताशी ९०० किमी, म्हणजे दीड तासाचा प्रवास. मग तिकिटावर सव्वादोन तास का? वेळ फुगवून भाडं उकळतात! शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळे येता-जाताना वेळ वेगळा लागतो.”

आधी अंतर. १४०० हा आकडा रुळांचा. मुंबई सेंट्रलहून सुटणारी राजधानी सुरत, बडोदा, कोटा करत नवी दिल्लीपर्यंत सुमारे १३८४ किमी धावते. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण ११४० किमी आहे. गंमत म्हणजे खरं अंतर धरलं तर मेसेजवाल्याच्या हिशेबाने सव्वा तासच लागायला हवा, म्हणजे त्याची तक्रार आणखी जोरदार झाली असती!

चूक वेगात आहे. ए३२० जातीचं विमान ३५ हजार फुटांवर गेल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास उडतं, तेही फक्त मधल्या टप्प्यात. दहा हजार फुटांखाली वेगाची मर्यादा सहसा २५० नॉटची, म्हणजे ताशी साधारण ४६० किमीची असते.

आणि विमान सरळ रेषेत जातच नाही. मुंबईत वर्षातला बराच काळ उड्डाण पश्चिमेकडे होतं. दिल्लीला निघालेलं विमान आधी जुहूवरून समुद्रावर जातं, मग उजवीकडे वळतं. खिडकीतून किनारा मागे पडताना दिसतो तेव्हा दिल्लीच्या दिशेचं अंतर कापणं सुरूही झालेलं नसतं. दिल्लीत वारा पश्चिमेचा असला की उतरायचं पूर्वेकडून, म्हणजे नैऋत्येकडून आलेल्या विमानाला शहराच्या पलीकडे जाऊन उलटं फिरावं लागतं.

त्याहून मोठी गफलत तिकिटावरची वेळ म्हणजे हवेतली वेळ असं समजण्यात आहे. ही वेळ विमान गेटवरून हलल्यापासून समोरच्या गेटला लागेपर्यंतची असते. ट्रॅक्टरने मागे ढकलणं, इंजिन सुरू करणं, रांगेत सरकणं हे सगळं त्यात आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकीचाच उपयोग होतो. सकाळच्या गर्दीत पुढची चार-पाच विमानं गेल्यावर आपला नंबर लागतो. दिल्लीत धावपट्ट्या चार, पण लांबच्या धावपट्टीवर उतरलात तर टर्मिनलपर्यंतची रपेटच दहा-पंधरा मिनिटांची. हवेत पावणेदोन तास धरा आणि दोन्हीकडचा मिळून जमिनीवरचा अर्धा तास त्यात घाला. झाले की सव्वादोन!

वेळ फुगवतात, यात मात्र थोडं तथ्य आहे. विमान वेळेवर पोहोचल्याची टक्केवारी चांगली दिसावी म्हणून कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटं राखून ठेवतात. म्हणूनच कधी कधी “नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी” अशी अभिमानाने घोषणा होते. ती ऐकून टाळ्या वाजवायचं कारण नाही. पण भाडं मिनिटांवर ठरत नाही. ते मागणी, तारीख आणि उरलेल्या जागांवर ठरतं. उलट विमान जितका वेळ अडकून पडेल तितका तोटा कंपनीचाच.

पृथ्वीच्या फिरण्याचं काय? हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे विमानाखालून जमीन सरकून जात नाही. फरक पडतो तो वाऱ्याने. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचीवरून पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात, म्हणून त्या दिवसांत मुंबईहून कोलकात्याला जाताना कमी आणि परतताना जास्त वेळ लागतो.