आकडा खरा, निष्कर्ष खोटे

वायव्य ऑस्ट्रेलियातील फिट्झरॉय क्रॉसिंग या दुर्गम गावाबद्दल एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो: तिथले पाचातले एक मूल आईच्या दारूमुळे जन्मतः अधू असते, हा मूळनिवासींच्या रक्ताचाच दोष आहे, अशी मुले चेहऱ्यावरून ओळखू येतात आणि त्यांच्यासाठी करण्यासारखे काही उरत नाही.

आकडा बिनबुडाचा नाही. या गावासह आसपासच्या खोऱ्यातल्या, २००२ आणि २००३ मध्ये जन्मलेल्या, तपासणी झालेल्या १०८ मुलांपैकी २१ जणांना गर्भावस्थेतील मद्यसंपर्कामुळे होणाऱ्या विकाराचे निदान झाले. पण हा आकडा उजेडात आला तो गावामुळेच. जून ऑस्कर, एमिली कार्टर आणि त्यांच्या सोबतच्या मूळनिवासी बायकांनी २००७ मध्ये दुकानातून हलक्या दारूखेरीज इतर दारू घरी नेण्यावर निर्बंध आणवले आणि पुढे संशोधकांनाही गावानेच बोलावून घेतले. पाहणीचे ‘लिलिलवान’ हे नावसुद्धा तिथल्या बोलीतले. त्याचा अर्थ ‘सगळी चिल्लीपिल्ली’.

रक्ताचा मुद्दा तर मुळातच टिकत नाही. आईने घेतलेले मद्य वारेतून थेट गर्भापर्यंत पोहोचते आणि गर्भाचे अपक्व यकृत त्याचा पुरेसा निचरा करू शकत नाही. यात वंश कुठे आला? १९६८ मध्ये पॉल लेमोआन या डॉक्टरांनी अशा मुलांचे वर्णन केले ते फ्रान्समधल्या नाँत शहरात. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपमध्ये मळेवाले मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देत आणि हा विकार जगात सर्वाधिक आढळणाऱ्या ठिकाणांत तो भाग मोडतो. शिवाय दारूला अजिबात न शिवणाऱ्यांचे प्रमाण ऑस्ट्रेलियातील मूळनिवासींमध्ये इतर नागरिकांपेक्षा जास्तच आहे, हे दावा पुढे ढकलणाऱ्यांच्या गावीही नसते.

आखूड डोळे, पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ या खुणा खऱ्या आहेत. मात्र त्या २१ पैकी आठ जणांत त्या चेहऱ्यावरून निदान करण्याइतक्या नव्हत्या. ‘वही काढ, तारीख लिही, मग धडा उघड’ असे एका दमात सांगितल्यावर वही काढून, पुढच्या सूचना लक्षात न राहिल्याने थांबणारे मूल वर्गात हट्टी ठरते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेले नसते.

मेंदूची इजा भरून येत नाही, हे मान्य. पण एका वेळी एकच सूचना, चित्रांतून आखलेला दिवस आणि रोज तोच क्रम यांनी अशा मुलाचा वर्गातला दिवस बदलू शकतो. फिट्झरॉय खोऱ्यातल्या शाळांनी एक कार्यक्रम राबवला, त्यात मुले आपल्या शरीराला इंजिन समजतात आणि ते आत्ता जोरात धावते आहे, मंदावले आहे की बेताचे चालले आहे, हे स्वतःच ओळखून सांगायला शिकतात.