चाळीस चक्रांनंतर मूळ डीएनए कसा मोजतात?

‘पीसीआर एका रेणूचे अब्जावधी करतो, मग मुळात किती डीएनए होता हे कसे कळणार? चाळीस चक्रे फिरवली की कोणातही काहीही सापडते. खुद्द शोधकर्ते कॅरी मलिस यांनीच कोविडसाठी ही चाचणी निरुपयोगी ठरवली होती,’ असा मजकूर कोविडच्या साथीपासून फिरतो आहे. पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती नळीत चक्रामागून चक्र दुप्पट करत नेण्याची पद्धत.

मलिस यांचा मुद्दा आधी निकालात काढू. १९८३मध्ये पीसीआरची कल्पना सुचलेले आणि त्यासाठी १९९३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले मलिस ऑगस्ट २०१९मध्ये वारले. तेव्हा कोविड हे नावही कोणी ऐकलेले नव्हते.

मूळ प्रमाणाविषयीचा आक्षेप मात्र अगदीच पोकळ नाही. पूर्वी सगळी चक्रे संपल्यावर जेलवर (डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या मऊ थरावर) उमटलेली डीएनएची पट्टी पाहत. तोवर विक्रिया मंदावलेली असे आणि हजार रेणूंपासून निघालेली नळी लाख रेणूंच्या नळीसारखीच दिसे. रसेल हिगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२-९३मध्ये नळीतच डीएनएला चिकटून चमकणारे रंगद्रव्य घातले आणि चक्रे चालू असतानाच ती चमक कॅमेऱ्याने टिपली. चमक ठरावीक उंबरठा कितव्या चक्रात ओलांडते, तो आकडा म्हणजे सीटी. (छातीच्या सीटी स्कॅनशी त्याचे नाव सोडून काही नाते नाही.) दर चक्रात दुप्पट होत असताना एका नमुन्याचा सीटी २० आणि दुसऱ्याचा ३० आला, तर पहिल्यात १०२४ पट डीएनए होता. रेणूंची प्रत्यक्ष संख्या हवी असेल, तर माहीत असलेल्या प्रमाणाचा डीएनए दर वेळी दहापट विरल करत पाच-सहा नळ्या सोबत लावतात आणि नमुन्याचा सीटी त्यांच्या सीटींशी ताडून पाहतात. पडद्यावर त्यांच्या चमकेचे वक्र एकामागून एक, साधारण ३.३२ चक्रांच्या अंतराने वर उठतात. अंतर बिघडलेले दिसले, तर पिपेटने द्रव मोजून घालताना तरी चूक झाली आहे किंवा विक्रिया नीट दुप्पट होत नाही, आणि तो प्रयोग पुन्हा करावा लागतो.

‘काहीही सापडते’ हे तर चूकच आहे, कारण प्रायमरला (प्रत कुठून काढायची ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला) जुळणारा क्रम नळीत नसेल, तर वाढवायला काही नसते. नमुन्याऐवजी नुसते पाणी घातलेली एक नळी याच्याच पडताळणीसाठी असते. तिचा वक्र वर उठला, तर कुठे तरी शिंतोडा उडाला आहे किंवा प्रायमरच एकमेकांना चिकटले आहेत. पस्तिसाव्या चक्रानंतरच्या वक्राकडे संशयाने पाहावे, हे मी मान्य करतो. तिथे मूळ रेणू मोजकेच असतात आणि एकाच नमुन्याच्या तीन नळ्या तीन उत्तरे देऊ शकतात. सीटीवरून विषाणू जिवंत आहे की मेलेला, हेही कळत नाही.