साध्या माऊसनं थ्रीडी जमत नाही म्हणे!

नाशिकच्या डिझायनर मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘साधा माऊस दोनच दिशांना सरकतो, म्हणून त्रिमितीत वस्तू अचूक बसत नाही. नासानं बनवलेला थ्रीडी माऊस सहाही हालचाली (तीन दिशांना सरकणं, तीन अक्षांभोवती फिरणं) करतो. तो नसेल तर कॅडच्या (कॉम्प्युटरवर डिझाइन करण्याच्या) क्लासचे पैसे वाया.’ भाच्यानं तो मला पाठवला, खाली ‘मामा, घेऊ का?’

माऊस दोनच दिशांना सरकतो हे खरं. पण अंबडच्या टूलरूममध्ये फिक्श्चरच्या (काम चालू असताना पार्ट घट्ट धरणाऱ्या साधनाच्या) बेस प्लेटवर डॉवेल पिन, म्हणजे पार्ट जागेवर ठेवणारी गोल खुंटी, स्क्रीनवर बसवताना ती हवेत धरून नेतो कोण? पिन आणि भोक कॉन्सेंट्रिक, म्हणजे एकाच मध्यरेषेवर, केलं की सहापैकी चार हालचाली बंद. पिनचा तळ भोकाच्या तळाला टेकवला की पाचवी बंद. उरलं पिनचं स्वतःभोवती फिरणं, त्यानं कुणाचं काही अडत नाही. अचूकपणा या बंधनांतून आणि टाइप केलेल्या आकड्यातून येतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येही वस्तू निवडून कीबोर्डवर जी, एक्स, ४०, एंटर दाबलं की वस्तू एक्स अक्षावर बरोबर ४० युनिट सरकते. माऊसला हात लावायचीही गरज नाही.

उलट थ्रीडी माऊसची टोपी (जागच्या जागी ढकलायची, फिरवायची मूठ) ढकलताना ती नकळत थोडी कलतेही, म्हणजे सरळ न्यायला जावं तर पार्ट तिरका. म्हणूनच त्याच्या सेटिंगमध्ये सगळ्यात जोरकस हालचाल तेवढी घ्यायची, बाकीच्या सोडायच्या, अशी सोय असते. शिवाय टोपी जितकी दाबाल तितका वेग वाढतो; नेमकं थांबायचं तर नेमक्या क्षणी सोडावी लागते. जाहिरातीत हे दिसत नाही.

मग तो बिनकामाचा का? मुळीच नाही. डाव्या हातानं असेंब्ली (जोडलेल्या पार्टांचा संच) फिरवत उजव्या हातानं नट-बोल्ट निवडायचे, यात त्याला तोड नाही. दिवसभर शेकडो पार्टांच्या असेंब्लीत बसणाऱ्यानं जरूर घ्यावा. पण ते झालं बघणं; वस्तू बसवणं वेगळं.

नासाचंही तसंच. या माऊसचं मूळ जर्मन अंतराळ संस्थेच्या रोबोट संशोधनात आहे. १९९३ साली कोलंबिया यानातला त्यांचा रोबोटचा हात अशाच सेन्सर-चेंडूनं हलवला होता. यान तेवढं नासाचं.

भाच्याला सध्या चाकाचा साधा माऊस घ्यायला सांगितलंय. लॅपटॉपच्या टचपॅडवर असेंब्ली करत बसला होता बिचारा.