‘बॅगा सांभाळा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

लाहू ह्या डोंगरी जमातीबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय, त्याला हे उत्तर. सुरुवात त्यातल्या फोटोपासूनच करू, कारण तोच चुकीचा आहे. गळ्याभोवती पितळी वळ्यांची चळत घातलेली ती बाई कायान आहे. कायान हे मूळचे म्यानमारच्या कयाह भागातले लोक. लाहू बायका गळ्यात असलं काही घालत नाहीत. त्यांचा पोशाख काळ्या कापडाचा, त्यावर रंगीत पट्ट्या शिवलेल्या, आणि तोही पोटजातीगणिक बदलतो. उत्तर थायलंडातल्या चियांग रायच्या आसपास तिकीट लावलेल्या ‘आदिवासी गावां’त कायान, आखा, लाहू अशी माणसं शेजारी शेजारी वसवलेली असतात. घाईत फोटो काढणाऱ्याचा घोळ तिथे होऊ शकतो, एवढी सूट देतो. पुढच्या मजकुराला मात्र कसलीच सूट नाही.

मजकूर थोडक्यात असा: ‘थायलंडची रहस्यमय लाहू जमात. वाघाचं मांस खातात. बायकांचं राज्य, बाळंतपणाच्या कळा नवऱ्याला. देव नव्हता, म्हणून मिशनऱ्यांनी तांदळाची पोती देऊन बाटवलं. सगळे अफूवाले, म्हणून सरकारने नागरिकत्व दिलं नाही. जंगलं जाळतात. तिकडे गेलात तर बॅगा सांभाळा.’ शेवटी हात जोडलेली दोन इमोजी. माझ्या मावशीचं महिला मंडळ डिसेंबरात चियांग रायला चाललंय. तिने हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘माहितीपूर्ण’. मावशी, ह्यात माहिती कुठे आहे ते दाखव.

‘थायलंडची जमात’ इथूनच गाडी घसरते. सर्वांत जास्त लाहू चीनच्या युन्नान प्रांतात आहेत. 2020 च्या चिनी जनगणनेत ते पाच लाखांच्या जवळपास भरले. तिथे लान्त्सांग नावाचा त्यांचा स्वायत्त परगणा 1953 पासून आहे. त्याखालोखाल म्यानमारचं शान राज्य, मग थायलंड, आणि थोडे लाओस-व्हिएतनामात. थायलंडमध्ये साधारण लाखभर असतील. भाषा तिबेटी-बर्मी कुळातली, म्हणजे थाईशी तिचं नातं नाही.

वाघाचं मांस. लाहू हे नावाजलेले शिकारी होते, आडव्या धनुष्याने नेम धरणारे, हे खरं. पण आजचा लाहू भात, मका, चहा, कॉफी पिकवतो. लान्त्सांगमधल्या लाओदाबाओ गावातले शेतकरी तर गिटार वाजवून गातात, आणि त्यांचे कार्यक्रम पाहायला लांबून लोक येतात. वाघ उरलेत किती आणि खाणार कोण? पुढे जाऊ.

आता ‘बायकांचं राज्य’. इथे अर्ध सत्य आहे, म्हणूनच जास्त राग येतो. शानशान दू या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लान्त्सांगच्या लाहूंमध्ये राहून अभ्यास केला आणि 2002 साली इंग्रजीत पुस्तक काढलं. त्याचं नावच लाहूंच्या एका म्हणीवरून घेतलंय: चॉपस्टिक चालतात त्या जोडीनेच. मुद्दा राज्याचा नाहीच, जोडीचा आहे. लग्न होईपर्यंत माणूस पुरता मोठा मानला जात नाही, मग तो पुरुष असो की बाई. जुन्या पद्धतीत गावाचा मुखिया एकटा नसे, नवरा-बायको मिळून ते पद भूषवत. लग्नानंतर सून सासरी नांदायला गेली असाही प्रकार नाही. जोडपं दोन्हीकडच्या आईबापांच्या घरी राबतं, मग आपलं घर मांडतं.

आणि बाळंतपण. कळा बाईलाच येतात, आणखी कोणाला येणार? पण सुईणीचं काम नवरा करतो. पाणी तापवणं, मूल झेलणं, नाळ कापणं, वार पुरणं, पुढे बाळंतिणीचं खाणंपिणं आणि धुणं, हे सगळं त्याच्याकडे. ह्यात त्याला कमीपणा वाटत नाही, आणि कोणी त्याला ‘बायकोचा गुलाम’ही म्हणत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने ह्या गोष्टीचा पार तमाशा करून टाकला. आपल्याकडे लेबर रूमच्या दारात फोनवर वेळ काढणाऱ्या नवऱ्यांनी तरी ह्यावर हसू नये.

पण मग ‘बघा, आदर्श समाज!’ म्हणून उलटा फॉरवर्डही करू नका. त्याच दूबाईंनी प्रेमी जोडप्यांच्या एकत्र आत्महत्यांबद्दलही लिहिलंय. जिथे जोडी हेच सर्वस्व, तिथे मनाविरुद्धच्या जोडीत अडकलेल्याची घुसमटही तेवढीच. शिवाय चिनी सरकारी व्यवस्था आल्यावर गावचा अधिकारी म्हणून एकटा पुरुष बसू लागला, जोडीची पदं मागे पडली. आणि हे सगळं लान्त्सांगच्या एका भागातलं. ते चियांग रायच्या प्रत्येक लाहू घराला चिकटवायचं कारण नाही.

‘देव नव्हता’. गुई-शा हा त्यांचा आकाश-पृथ्वी घडवणारा देव. त्याने पेरलेल्या भोपळ्यातून पहिले स्त्री-पुरुष निघाले ही त्यांची उत्पत्तिकथा, आणि त्याच जातीच्या भोपळ्यापासून ते वाजवायचा नळ्यांचा बाजा करतात. थायलंडमधल्या ‘लाल लाहू’ ह्या पोटजातीच्या गावांत देऊळ असतं, बाहेर पांढरे-पिवळे झेंडे. नववर्षाला डुक्कर कापतात, चिकट भात कुटून त्याच्या वड्या करतात आणि बाजाच्या तालावर गोल धरून नाचतात. हे नववर्ष दोन भागांत साजरं होतं, आधी बायकांचं, मग पुरुषांचं. लाहूंमध्ये महायान बौद्ध पंथही रुजला होता. लान्त्सांगच्या डोंगरात त्याची केंद्रं होती, आणि एकोणिसाव्या शतकात तिथे चीनच्या चिंग राजवटीविरुद्ध बंडंही झाली.

ख्रिस्ती झाले ते कशाने? विल्यम यंग हा अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शान राज्यातल्या केंगतुंगला आला, आणि 1904 पासून लाहू झुंडीने बाप्तिस्मा घेऊ लागले. पोत्यांचा हिशोब मला कुठे सापडला नाही. सापडते ती एक जुनी कथा: गुई-शाने अक्षरं भाताच्या वड्यांवर लिहून दिली होती, लाहूंना भूक लागली आणि त्यांनी ती खाऊन टाकली. हरवलेलं ज्ञान परत घेऊन कोणीतरी येईल अशी वाट पाहणाऱ्या लोकांपुढे एक माणूस पुस्तक हातात घेऊन उभा राहिला. मिशनऱ्यांनी ह्याचा फायदा उठवला असं म्हणायचं तर म्हणा, त्यावर वाद घालता येईल. पण तांदळाच्या पोत्यावर विकले गेले म्हणणं म्हणजे ह्या माणसांना स्वतःचं डोकंच नव्हतं असं म्हणणं. आणि आजही सगळे ख्रिस्ती नाहीत.

आता ज्या वाक्यासाठी हे लिहायला बसलो ते: सगळे अफूवाले, म्हणून नागरिकत्व नाही.

अफू पिकत होती. लाहू पिकवत होते, शेजारचे हमोंग, आखा, लिसूही पिकवत होते. उंचावर येणारं, वजनाला हलकं, व्यापारी दारात येऊन नेणारं दुसरं पीक तेव्हा नव्हतं. थायलंडने 1959 मध्ये ती पूर्ण बंद केली, आणि 1969 पासून राजाच्या प्रकल्पातून भाज्या, फळं, कॉफी डोंगरावर गेली. म्यानमारच्या बाजूला खसखशीची, म्हणजे अफूचीच, शेतं अजून आहेत, आणि तिथे लाहू नाव लावणाऱ्या सशस्त्र टोळ्याही आहेत. मान्य. पण आज सीमेवरून जो माल येतो त्यात मोठा वाटा मेथच्या, म्हणजे मेथाम्फेटामिन ह्या रासायनिक नशेच्या, गोळ्यांचा. त्या शान राज्यातल्या टोळ्यांच्या कारखान्यांत बनतात. कॉफी खुडणाऱ्या बाईच्या परसात नव्हे.

नागरिकत्वाचा तर कार्यकारणभावच उलटा लावलाय. 13 डिसेंबर 1972 ला थायलंडच्या लष्करी राजवटीने 337 क्रमांकाचा फतवा काढला. थायलंडमध्येच जन्मलेल्या, पण परक्या आईबापांच्या मुलांचं नागरिकत्व त्याने काढून घेतलं. डोंगरातल्या माणसाकडे जन्माचा दाखला नाही, आईबापांची नोंद नाही, म्हणजे तो परकाच. 2008 च्या कायद्याने वाट खुली केली, तरी पुराव्यांचे कागद जमवणं त्याच माणसाच्या गळ्यात. दरम्यान त्याला रंगीत ओळखपत्र मिळतं, आणि ते घेऊन परवानगीशिवाय दुसऱ्या प्रांतात जाता येत नाही. 2018 मध्ये थाम लुआंगच्या गुहेत अडकलेली फुटबॉलची मुलं आपण रात्री जागून टीव्हीवर पाहिली. त्यांतली तीन मुलं आणि प्रशिक्षक असेच बिननागरिक होते. त्यांनी कुठे अफू लावली होती?

‘अफूवाले’ ह्या शिक्क्याचं काय होतं ते चाइयाफूम पासे ह्या लाहू मुलाच्या बाबतीत दिसलं. वय 17. स्वतः बिननागरिक, लाहू मुलांसोबत काम करणारा, लघुपट बनवणारा, नागरिकत्वासाठी बोलणारा. 17 मार्च 2017 ला चियांग दाओ भागातल्या चौकीवर सैनिकांनी त्याची गाडी अडवली आणि त्याला गोळी घातली. लष्कराचं म्हणणं, गाडीत मेथच्या गोळ्या सापडल्या आणि तो हातबॉम्ब फेकणार होता. चौकीवर कॅमेरे होते. त्यांचं चित्रण लोकांसमोर कधी आलंच नाही. खालच्या दोन्ही कोर्टांनी आईचा दावा फेटाळला. अखेर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्कराला वीस लाख बाटहून जास्त भरपाई द्यायला लावली. मुलगा मारला गेला त्याला तोवर सहा वर्षं झाली होती.

‘बॅगा सांभाळा’ हे त्याच शिक्क्याचं पर्यटकांसाठी काढलेलं रूप आहे. पारध्यांना जन्मतःच चोर ठरवणाऱ्या मुलखातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागू नये.

जंगल जाळण्याबद्दल एवढंच: फिरती शेती आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर थायलंडात धूर असतो, आणि त्यात कंत्राटी मक्याच्या शेतांचाही हात आहे. पण थायलंडचं जंगल मोठ्या प्रमाणावर तुटलं ते सरकारनेच वाटलेल्या लाकूडतोडीच्या ठेक्यांखाली. 1988 च्या नोव्हेंबरात दक्षिणेला पूर आले, उघड्या डोंगरांवरून चिखल आणि ओंडके गावांवर आले, शेकडो माणसं मेली, तेव्हा कुठे जानेवारी 1989 मध्ये ते ठेके बंद झाले. ते ठेके काही लाहूंकडे नव्हते.