आणखी एक नऊ हवा

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा : मी इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतल्या प्रत्येक शोधाला नाट लावतो, 2010 मध्ये किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर असलेला बॅटरी पॅक 2024 मध्ये 115 डॉलरवर आला, तेव्हा सॉलिड-स्टेटही (आत लिथियम आयन वाहून नेणारा इलेक्ट्रोलाइट द्रव नसून घन असलेली बॅटरी) येईलच आणि गाडी पाच मिनिटांत चार्ज होईल.

आकडे बरोबर आहेत. पण भाव उतरला तो जुन्याच लिथियम-आयनवर कारखान्यांनी वर्षानुवर्षं हात फिरवला म्हणून. एलएफपीचं (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम-आयनचाच एक प्रकार) रसायन 1997 चं. चिनी कंपनी बीवायडीने 2020 मध्ये सेलचे गट धरणारी मधली मॉड्यूलं काढून लांबट सेल थेट पॅकमध्ये बसवले, ही करामत मांडणीची. याउलट फिस्कर या अमेरिकन गाडी कंपनीने 2017 मध्ये एका मिनिटात चार्ज होणारी सॉलिड-स्टेट जाहीर केली आणि 2021 मध्ये नाद सोडला. टोयोटाची सॉलिड-स्टेटसाठीची 2020 च्या दशकाच्या सुरुवातीची तारीख आता 2027-28 वर गेली आहे.

तुम्ही दिलेल्या सॉलिड-स्टेटच्या बातमीतली ‘99.9 टक्के कार्यक्षमता’ जरा हिशेबात धरू. दर सायकलला (एकदा चार्ज, एकदा डिस्चार्ज) 0.1 टक्का लिथियम वाया गेलं आणि शिल्लक साठा नसला, तर हजार सायकलनंतर 37 टक्केच उरतं. 99.99 असेल तर 90. एवढा फरक त्या एका नवाचा! प्रयोगशाळेत तो दिसत नाही, कारण तिथल्या नाण्याएवढ्या कॉइन सेलमध्ये लिथियमचा जाड पत्रा असतो. तोटा तो गुपचूप भरून काढतो, आलेख सपाट राहतो, आणि पत्रा संपला की क्षमता धाडकन कोसळते. शिवाय असे सेल बऱ्याचदा बोल्ट आवळलेल्या साच्यात, काही मेगापास्कल दाबाखाली तपासतात (1 मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 10 किलो). लिथियम फुगतं-आकसतं, दाब नसला की घन इलेक्ट्रोलाइटशी संपर्क सुटतो. गाडीत तो दाब धरणाऱ्या पट्ट्यांचं वजन कुणी मोजलंय?

आता पाच मिनिटं. 60 किलोवॅट-तासाचा पॅक 10 वरून 80 टक्क्यांवर न्यायचा, म्हणजे 42 किलोवॅट-तास. पाच मिनिटांत द्यायचे तर 504 किलोवॅट लागतात. 400 व्होल्टला 1260 अँपिअर. पॅकचा रोध 50 मिलीओहम धरला तर आत 79 किलोवॅट उष्णता, 2 किलोवॅटचे चाळीस गिझर! 800 व्होल्ट केले तर प्रवाह निम्मा होऊन केबलची सुटका होते, सेलची होत नाही : तेच सेल वेगळे जोडले, प्रत्येकातली उष्णता तेवढीच. उपाय एकच, रोध कमी करायचा. बीवायडीने मार्च 2025 मध्ये 1000 किलोवॅटचं चार्जिंग दाखवलं ते नेमकं या वाटेने, आणि तेही द्रव इलेक्ट्रोलाइटच्या एलएफपीवर. सॉलिड-स्टेटची वाट न बघता.

माझं मत दगडावरची रेघ नाही. 20 अँपिअर-तासाचा तरी सेल, 25 आणि 45 अंशांना, दाब आणि जादा लिथियम किती ते स्पष्ट लिहून, 800 सायकलनंतर 80 टक्के क्षमता : असा तक्ता कुणी छापला असेल तर त्याची लिंक इथेच टाका.