तारांबळ

डॉक्टरांनी मिसळीवरची तर्री बंद केली, त्याच आठवड्यात मी हॅम रेडिओचं, म्हणजे घरच्या रेडिओवरून हौस म्हणून दूरच्या लोकांशी बोलण्याच्या छंदाचं, लायसन्स काढायचं मनावर घेतलं. माणसाला काहीतरी झणझणीत लागतंच.

आमची ज्येष्ठांची वसाहत नाशिकच्या गंगापूर रोडच्या पार टोकाला. परीक्षेला किमान वय १२, कमाल वयाबद्दल अवाक्षर नाही, म्हणून आम्ही पाच जण बसलो. जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची भाषा, यावी लागते. रिस्ट्रिक्टेडला मोर्सची भानगड नाही. मी अर्थातच रिस्ट्रिक्टेड. व्हीयू थ्रीनं सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं माझं सांकेतिक नाव, मिळालं आणि पेढे वाटले (मधुमेहींना शेंगदाणे).

या छंदाची भाषा वेगळी. इथे प्रत्येक पुरुष ‘ओएम’, म्हणजे ओल्ड मॅन, मग तो बारा वर्षांचा का असेना. बाई मात्र ऐंशीची झाली तरी ‘वायएल’, यंग लेडी. वसाहतीतल्या महिला मंडळाला हा छंद एकदम पटला. बायकोला ‘एक्सवायएल’ म्हणतात, हे मी घरी सांगायला नको होतं. “एक्स म्हणजे माजी ना?” एवढंच विचारून ही आत गेली. त्या दिवशी चहा मीच केला.

खरी परीक्षा गच्चीत होती. ७ मेगाहर्ट्झवर बोलायचं तर साधारण २० मीटर लांबीची तार उंचावर ताणावी लागते. तिच्या मधोमधून केबल खाली रेडिओपर्यंत येते. लिफ्टच्या खोलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत मी ती बांधली. दुसऱ्या दिवशी सेट सुरू केला तर मीटरचा काटा भलतीकडेच. धापा टाकत वर गेलो. तारेवर तीन ओल्या गोधड्या.

“दोरी छान ताणलीय हो भाऊ,” दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. “चिमटे तेवढे आणा.”

ही दोरी नव्हे, बोलणं सुरू असताना हिच्या टोकाला हात लागला तर चटका बसेल, असं मी पोटतिडकीनं समजावलं. त्यांना तार सोडून बाकी सगळं पटलं. शेवटी तह झाला: सकाळी वाळवण, संध्याकाळी रेडिओ.

संध्याकाळी हरिपाठ असतो, हे मी विसरलो होतो.

मी खोलीत “सीक्यू, सीक्यू” करत होतो, म्हणजे “कुणी आहे का बोलायला?” तिकडे सभागृहात भजनाच्या स्पीकरमधून बदक चिरडल्यासारखा आवाज येऊ लागला. माझाच. स्पीकरच्या लांबलचक वायरी आयत्या अँटेना बनतात, आणि आमच्या पद्धतीचं प्रक्षेपण तिथून असंच वेडंवाकडं होऊन बाहेर पडतं. वायरींना फेराइटची, म्हणजे आगंतुक रेडिओलहरी अडवणारी, कडी घातल्यावर बदक गप्प झालं. त्यांच्या मिक्सरची आणि एलईडी दिव्यांची खरखर माझ्या रेडिओत अजूनही येते. त्यावर मात्र तह झाला नाही.

एवढं करून बोलायचं काय? धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, राजकारण टाळायचं. राजकारण वजा केल्यावर निवृत्त मराठी माणसाकडे हवामान आणि गुडघे एवढेच विषय उरतात. जगभरचे ओएम तेच बोलतात, हे कळल्यावर धीर आला.

आमच्यात एक तारमास्तर आहेत. हयात तारखात्यात गेली. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. मोर्सचा सिग्नल लागला की मी त्यांना बोलावतो. पहिल्यांदा ऐकून ते भडकले. “ही पिपाणी कसली? आमचं यंत्र कडकट्ट बोलायचं!” खरंच आहे. तारघरात सूर नसायचा, खटके असायचे. दोन खटक्यांमधल्या अंतरावरून टिंब की रेघ ते ओळखायचं. शिवाय त्यांच्या श्रवणयंत्राला हा पीं-पीं सूर सोसत नाही.

परवा, मेअखेरीस, त्यांनी यावर तोड काढली. मी हेडफोन लावायचा आणि पीं सुरू झालं की चमच्यानं कुरडयांच्या डब्यावर एक टोला, थांबलं की दुसरा. मास्तर डोळे मिटून बसले. समोरचा ओएम सावकाश पाठवत होता, नाहीतर माझा हात मोडला असता. पाचव्या मिनिटाला मास्तरांच्या चेहऱ्यावर नोकरीतलं तेज आलं.

“केरळातून बोलतोय. पाऊस सुरू झालाय. गुडघा दुखतोय म्हणतो.”

दारात ही उभी होती. “केरळात आला?” तिनं बोटं मोजली. “म्हणजे दहा-पंधरा दिवसांत इथे.”

तिनं जिन्यातूनच हाका घातल्या. गच्चीवर पळापळ सुरू झाली. उरलेला चीक आजच घालायचा ठरला, आणि कुणीतरी ओरडून विचारलं, “भाऊंची तार मोकळी आहे का?”