दादरचा भाडेकरू, दुबईचा मालक

आमची खोली पागडीची. आजोबांनी घेतली, वडिलांनी राखली आणि मी तिच्यात बासष्ट वर्षं काढली. 180 चौरस फूट, वर सामाईक गॅलरी. मालक मात्र मी नाही. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा पाठीशी असल्याने मला सहजासहजी कुणी हाकलू शकत नाही. पण भिंतीत खिळा ठोकला की मालकाचा माणूस जिन्यात हजर. घालवता येत नाही आणि मालक म्हणवत नाही, अशा माणसाला आपल्याकडे घरजावई म्हणतात.

निवृत्त झालो आणि मला मालक व्हायची हौस आली. पैसे होते. म्हणजे हिचे होते. माहेरची देवगडची हापूसची कलमं विकली गेली, त्यातला हिचा वाटा. वर माझा फंड आणि ग्रॅच्युइटी चिमूटभर मिठासारखी. तेवढ्यात दादरला फार तर एखादं न्हाणीघर आलं असतं, तेही नळाशिवाय. अशातच मेहुण्याने फॅमिली ग्रुपवर पाठवलं, ‘आता परदेशात घर घ्या!’ खाली हात जोडलेले तीन.

मी गॅलरीत खुर्ची टाकून जग फिरायला निघालो. सोबतीला शेजारचे अण्णा.

कॅनडाने 2023 च्या सुरुवातीपासून चार वर्षांसाठी परक्यांना घरं विकणं बहुतेक बंद केलंय. ऑस्ट्रेलियाने 1 एप्रिल 2025 पासून दोन वर्षं जुनी घरं परक्यांना बंद केली. न्यूझीलंडने 2018 मध्येच दार लावून घेतलं. सिंगापूरने दार उघडं ठेवलंय, पण परक्याने घर घेतलं तर 60 टक्के जादा मुद्रांक शुल्क. “आपल्याकडे सहा टक्के भरताना माणूस आडवा होतो,” अण्णा म्हणाले, “तिथे साठ भरून उभा राहील तो माणूसच नव्हे.” थायलंडमध्ये परक्याला जमीन घेता येत नाही, फ्लॅट मिळतो, पण इमारतीतल्या एकूण फ्लॅटांच्या क्षेत्रफळापैकी 49 टक्क्यांच्या वर परक्यांकडे जाऊ देत नाहीत. थोडक्यात, कायमचं अल्पमत. चाळीच्या गणेशोत्सव कमिटीत मी तीस वर्षं तेच भोगतोय.

मग सापडलं सिसिली. तिथल्या सांबुका नावाच्या गावाने 2019 मध्ये एक युरोपासून पडकी घरं काढली होती. एक युरो! मी ओरडतच आत गेलो. ही मेथी निवडत होती.

“अट काय?”

“तीन वर्षांत दुरुस्ती करायची. 5,000 युरो ठेव ठेवायची, काम झालं की परत.”

“आपल्या गॅलरीला टेकू लावून किती वर्षं झाली?”

अकरा. मी सिसिली सोडली.

शेवटी वांद्र्याच्या एका पंचतारांकित हॉटेलातल्या प्रॉपर्टी प्रदर्शनात आम्ही दाखल झालो. विषय दुबई. दारात अत्तराचा फवारा, आत खजूर. कोटातला एक मुलगा धावत आला. “वेलकम सर! युवर सेकंड होम इज वेटिंग.” मी म्हणालो, “पहिलंच अजून व्हायचंय.” त्याने माझा फॉर्म वाचला, पत्ता पाहिला आणि त्याचा आवाज कोटातून बाहेर आला. “मराठी होय काका! मी बदलापूरचा.”

त्यानंतर तो फार मनापासून बोलला. 2002 पासून ठरावीक भागांत परदेशी माणसाला पक्की मालकी मिळते. दुबई लँड डिपार्टमेंट नावावर टायटल डीड करून देतं, त्याची फी 4 टक्के.

“म्हणजे पूर्ण मालक?”

“पूर्ण.”

“भाडेपावती नाही?”

“नाही. फक्त सर्व्हिस चार्ज, वर्षाला चौरस फुटामागे.”

“मग ते भाडंच की,” ही म्हणाली.

मी माझा कळीचा प्रश्न विचारला. “खिळा ठोकायचा असेल तर?”

“ठोका की! भिंत पाडायची असेल तरच एनओसी.”

माझे डोळे भरून आले. बासष्ट वर्षांत हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. स्टुडिओ चार लाख दिरहमचा होता, म्हणजे दिरहम चोवीस रुपयांना धरला तर 96 लाख. इमारत अजून व्हायची होती. पडद्यावर वाळू होती आणि वाळूत एक क्रेन. पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे त्या बांधकामासाठीच राखून ठेवलेल्या खात्यात राहतात, त्याला तिथे 2007 चा कायदा आहे, आणि बांधकाम चालू असलेल्या घराची जी नोंद होते तिला ‘ओकूद’ म्हणतात, असं त्याने सांगितलं.

“काय म्हणतात?”

“ओकूद, काकू.”

“ओकू दे?” हिने पर्स घट्ट धरली. “आधी नीट खाऊ तर द्या.”

20 लाख दिरहमचं घर असेल तर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसाही मिळतो. आमच्या चार लाखांत तो बसत नव्हता. मालकाने स्वतःच्या घरी पाहुणा म्हणून जायचं, टुरिस्ट व्हिसा काढून. मी त्या मुलाला विचारलं, “तू राहिलास का तिथे?” तो खजुराकडे बघत म्हणाला, “पासपोर्ट काढायचाय काका.” मग टोकनसाठी त्याने कार्डाचं यंत्र पुढे केलं. मी कार्ड काढलं, हिने माझं मनगट पकडलं. छत्तीस वर्षांपूर्वी मंगलाष्टकांनंतर धरलं होतं, त्याहून घट्ट.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या सीएंनी सांगितलं की हिने मला वाचवलं. क्रेडिट कार्डावर परदेशात घर घेता येत नाही. पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतूनच जायला हवेत. माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. योजना 2004 ची, सुरुवातीला मर्यादा 25,000 डॉलर होती. मला हायसं वाटलं. आपली उडी मर्यादेच्या निम्म्याहूनही थोडी कमी.

“आणि 10 लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर,” ते म्हणाले.

96 मधून 10 गेले 86, त्याचे 20 टक्के 17 लाख 20 हजार. तेही आधी भरायचे. रिटर्नमध्ये कराशी वळते होतात, उरले तर परत मिळतात. माझ्या पेन्शनचा कर पाहता परत मिळणार हे नक्की होतं, पण तोवर ते आणायचे कुठून हे नव्हतं. हिने घरी येऊन मेथीच्या कागदावरच हिशेब मांडला. “अर्धे माझ्या नावाने पाठवू, अर्धे तुमच्या. दहा लाखांची सूट दोनदा. दोन लाख वाचले.” या बाईने आयुष्यभर भाजीवाल्याशी घातलेला वाद वाया गेला नव्हता.

मी हुरूप येऊन बँकेत गेलो. फॉर्म ए-टू. त्यात पैसे कशासाठी चाललेत त्याचा कोड लिहायचा असतो. काउंटरवरचा तरुण यादीवर बोट फिरवत म्हणाला, “मुलाचं शिक्षण?”

“मुलगा भांडुपला असतो.”

“उपचार?”

“तब्येत ठणठणीत आहे.”

“मग?”

“घर.” मी सीएंनी दिलेली चिठ्ठी पुढे केली, एस शून्य शून्य शून्य पाच.

त्याने मान वर केली. “तुम्ही तिकडे राहता?”

“नाही, दादरला.”

“मग घर तिकडे कशाला?”

इतक्या देशांच्या कायद्यांतून मी तरून आलो होतो. हा प्रश्न कुठल्याच कायद्यात नव्हता. हिने माझ्याकडे पाहिलं. मी तोरणासारख्या टांगलेल्या गृहकर्जाच्या जाहिरातींकडे पाहिलं. “भाड्याने देणार,” मी म्हणालो. “दुबईत टॅक्स नसतो.”

ते वाक्य ठाण्यात पोचलं तेव्हा सीए बराच वेळ हसले. “अहो, दुबईत नसतो. तुम्ही दादरला राहता ना?” राहणारा भारतात, तर दुबईचं भाडंही इथल्या उत्पन्नात. शिवाय दर वर्षी रिटर्नमध्ये ‘शेड्यूल एफए’ भरून ते घर दाखवायचं. विसरलात तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. 180 फुटांच्या खोलीत चष्मा कुठे ठेवला हे मला आठवत नाही. वाळूतलं घर दर जुलैत आठवून लिहायचं!

रात्री हिने निकाल दिला. “माझी कलमं मी वाळूत लावणार नाही.” पैसे मुदत ठेवीत गेले. अण्णा जरा हिरमुसले. त्यांची चाळीभर दुबई सांगून झाली होती.

बदलापूरच्या मुलाला मीच फोन केला. वाटलं, चिडेल. तो थोडा वेळ गप्प राहिला. मागे गाडीत ‘पुढील स्टेशन’ची घोषणा ऐकू येत होती.

“काका, एक विचारू? तुमच्या चाळीत एखादी खोली आहे का भाड्याने? सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, उभ्याने जातात हो.”

मी गॅलरीत जाऊन अण्णांना विचारलं. तळमजल्यावरची एक खोली रिकामी होती.

“कुठला म्हणालास?”

“बदलापूरचा.”

“म्हणजे बाहेरचाच,” अण्णा म्हणाले. “मालकाची परवानगी लागेल, दोन ओळखीचे लागतील, डिपॉझिट लागेल. आणि त्याला आत्ताच सांगून ठेव, खिळे ठोकायचे नाहीत.”